रद्द नोंदी

४ मार्च

आज त्रेसष्ट पूर्ण झाली. वडील चौसष्टाव्या वर्षी गेले. थोरले बंधू त्रेसष्ट वर्षं आठ महिन्यांचे होते. दोघंही बसल्या जागी, दोघंही हृदयानं. म्हणजे घराण्याची रीत पाळायची तर माझ्या हातात उणंपुरं वर्ष आहे. मी ती पाळणार नाही. चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून बाजारभर फिरलो, हजारो काटे तपासले, शेकड्यांनी जप्त केले. दुकानदार मागे मला 'कारलं' म्हणायचे, समोर कुणाची टाप नव्हती. आता स्वतःचा काटा तपासायचा.

रोज पहाटे पाच वाजता उठणे. बागेत चालणे सहा फेऱ्या. लिफ्ट बंद, जिने चढणे. मीठ निम्मं, साखर बंद, तळलेलं बंद. रोजची नोंद या वहीत. हिलाही बरोबर घेणार, साठ वर्षांची झाली तरी तिला कशाचं गांभीर्य म्हणून नाही.

तिला सांगितलं तर म्हणाली, "अहो, वाढदिवसाच्या दिवशी तरी पोटभर जेवा. उद्यापासून व्हा अमर." टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढली तिनं. बोलण्यात कुणाला हार जाणार?

६ मार्च

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून रक्तदाबाचं मशीन आणलं. घरी आल्या आल्या आधी मशीनचीच परीक्षा. आमच्या धंद्यातली पद्धत: एकच वजन दहा वेळा ठेवायचं. दहाही आकडे जुळले तर काटा खरा, मारा शिक्का. नाही जुळले तर काटा खोटा, करा जप्त.

माझ्या दंडावर दहा वेळा लावलं. दाबही जवळजवळ तोच, ठोके ६८, ६९, ६८, ६७, ६८… असेच शेवटपर्यंत. काटा खरा. जीव सुखावला.

मग तिला बसवलं. ठोके ८८. पुन्हा, १३१. पुन्हा, ७४. पुन्हा, ११२. पाचव्यांदा आकडाच नाही, नुसतं चूक झाल्याचं चिन्ह. शिवाय दर वेळी कोपऱ्यात एक बारकं हृदय लुकलुकत होतं. माझ्या वेळी ते एकदाही आलं नव्हतं.

"तू हलतेस."

"मी कुठे हलतेय? दगडासारखी बसलेय."

"मग बोलू नकोस."

"तुम्ही विचारलंत म्हणून बोलले!" मग हसायला लागली. "मला बघायला आलात ना, तेव्हाही असंच बघत होतात. माल कमी भरतोय की काय."

हसली म्हणजे हललीच. आकडे चुकण्याची तीन कारणं असतात. काटा खोटा, तोलणारा खोटा, नाहीतर वजन नीट ठेवलेलं नाही. चौथं कारण मी चौतीस वर्षांत पाहिलं नाही. काटा खरा आहे, तोलणारा मी आहे. उरली ती. 'वजन स्थिर नाही, नोंद रद्द' असा शेरा मारून पान उलटलं.

७ मार्च

मशीनच्या पुस्तिकेत त्या लुकलुकत्या हृदयाबद्दल दोन ओळी आहेत, पण इतक्या बारीक अक्षरात की माझ्या चष्म्याला दाद देत नाहीत. बॅटऱ्या बदलून पाहिल्या. तिचे आकडे तसेच, वेडेवाकडे. औषधवाल्याकडे मशीन परत घेऊन गेलो.

त्यानं स्वतःच्या दंडावर लावलं. बरोबर. माझ्या दंडावर लावलं. बरोबर. म्हणाला, "काका, मशीन उत्तम आहे. काकूंना एकदा डॉक्टरला दाखवा की."

म्हणजे माल बदलून द्यायचा नाही, म्हणून गिऱ्हाइकाच्या बायकोत खोट काढायची! असली माणसं मी आयुष्यभर पाहिली. चार लोकांसमोर त्याला सांगितलं, "काटा तुझा आणि दोष माझ्या घरात?" घरी आल्यावर तिला हे सांगितलंच नाही. उगाच डोक्यात भुंगा नको.

१२ मार्च

चालणं सुरू आहे. माझ्या सहा फेऱ्या, एक फेरी नऊ मिनिटांत. तिच्या कशाबशा दोन. मग बसते बाकावर. मी दर फेरीला समोरून जातो तेव्हा हात हलवते, मुद्दाम, राजाच्या मिरवणुकीला हलवावा तसा. लोक हसतात.

जिन्याचा वेगळाच तमाशा. आमचा चौथा मजला. ही दुसऱ्यावर पोचली की शिंपीणबाईच्या दारात थांबते. रोज. आज घड्याळ लावलं तर बारा मिनिटं! इतकं काय साठलेलं असतं या बायकांचं? वरून डोकावून पाहिलं तर एकटी शिंपीणच बोलत होती. ही नुसती कठडा धरून मान हलवत होती. फोनवर आयुष्य काढलेली बाई आणि बोलायचा कंटाळा करते म्हणजे नवलच आहे.

१९ मार्च

आज भांडण. चांगलं कडकडून.

दुपारी म्हणाली, "अहो, माझ्या छातीत मधूनच कबूतर फडफडल्यासारखं होतं. आणि मग एकदम गळून जायला होतं."

मी विचारलं, "चहा किती घेतेस?"

"दोनदा."

"घरात दोनदा. आणि शिंपिणीकडे?"

गप्प. पकडली! चौतीस वर्षांची नजर आहे ही. साखर घातलेला चहा, वर बिस्किटं. फडफडणार नाही तर काय होईल? चहा आजपासून पूर्ण बंद.

मग तिचाही तोल सुटला. "मी काय तुमच्या बाजारातली दुकानदारीण आहे का हो? माझ्या घशाखाली काय जातं त्यावर धाड घालता? मला बरं वाटत नाहीये, एवढंच सांगितलं मी. एवढंच ऐकायचं होतं."

मी म्हणालो, "बरं वाटावं म्हणूनच चाललंय हे सगळं."

"कुणाला बरं वाटावं म्हणून?"

याला काही अर्थ आहे का? रात्री लेकीचा फोन आला. आईचा आवाज दमल्यासारखा का येतो, म्हणाली. मी सांगितलं, पहाटे उठायची सवय नाही, हळूहळू होईल.

२७ मार्च

माझी तपासणी झाली. महिनाभर आधी वेळ घेतली होती. ती म्हणाली होती, "आपण जातोच आहोत तर माझंही बघतील का?" आता असं कसं चालेल? वेळ माझ्या नावावर, वीस मिनिटं, पुढे माणसं ताटकळलेली. दुसऱ्याची वेळ खाणं माझ्या स्वभावात नाही. तिला म्हटलं, तुझी वेगळी वेळ घेऊ, पुढच्या महिन्यात. ती बाहेर खुर्चीवर बसून राहिली.

डॉक्टरनं हृदयाच्या आलेखाची पट्टी लांबच लांब काढली, माझी वही चाळली आणि म्हणाला, "चाळिशीतल्या माणसाचं हृदय आहे तुमचं. असे पेशंट मिळत नाहीत." मी त्याला दोनदा म्हणायला लावलं. वडील आठवले, भाऊ आठवला. डोळ्यांत पाणी आलं, लपवून काय करू?

बाहेर आलो तर ही भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसलेली. म्हटलं, "चाळिशीतलं!"

"वा," म्हणाली. "आता मला सवत आणा चाळिशीतली." आणि उठताना माझा खांदा धरला. चारचौघांत ती कधी धरत नाही. मला वाटलं, तिलाही आनंद झाला.

तिची वेळ घ्यायला खिडकीपाशी गेलो होतो. रांग होती. राहिलं.

५ एप्रिल

आज एक गोष्ट झाली, लिहू की नको करत होतो. वही खोटी ठेवायची नाही असं ठरवलं आहे, म्हणून लिहितो.

दुपारी ती झोपली होती. हल्ली दुपारी फार झोपते, ओरडलो तरी उठत नाही. हात पलंगाबाहेर लोंबत होता. मी उचलून ठेवायला गेलो आणि सहज मनगटावर बोटं टेकवली. दोन ठोके लागले. मग काहीच नाही. मग तीन एकदम, एकमेकांच्या अंगावर पडल्यासारखे. मग पुन्हा काही नाही.

भीती वाटली. तिच्या तोंडाकडे पाहत उभा राहिलो.

मग लक्षात आलं, माझी बोटं काही यंत्र नाहीत. बोटानं तोलून दाम सांगणाऱ्यांना मी दंड ठोठावले आहेत. झोपेतली नोंद, यंत्राशिवाय घेतलेली, ग्राह्य धरता येत नाही. ती उठल्यावर मशीन लावूया म्हटलं तर म्हणाली, "नको हो. पुन्हा म्हणाल, हललीस." मी आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

९ एप्रिल

लेकीनं आईसाठी चालायचे बूट पाठवले. चांगले आहेत. हिच्या पायांना घट्ट होतात, घोटे सुजल्यासारखे दिसतात. मीठ चोरून खात असणार. मिठाची बरणी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

शिंपीणबाई जिन्यात मला अडवून म्हणाली, "भाऊ, वहिनींना लिफ्टनं जाऊ द्या ना. माझ्या दाराशी धापा टाकत उभ्या असतात. दोन शब्द बोलवत नाही त्यांच्यानं."

मी म्हटलं, "तुम्ही दार उघडायचं बंद करा, त्या सरळ वर येतील."

आता कशी जिरली! बाईचं तोंड इतकंसं झालं.

१४ एप्रिल

सकाळी बागेत

१६ एप्रिल

परवा एवढंच लिहून थांबलो होतो. आज हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितो आहे. लेक आत आईपाशी आहे. ती काल पोचली.

झालं ते असं. रविवारी सकाळी ही म्हणाली, "आज नको, आज मला कसंतरीच होतंय." मी म्हणालो, रविवारचं निमित्त नको. ती आली. बूट घातले, घट्ट होतात म्हणून नाड्या सैल सोडून. एकच फेरी माझ्याबरोबर केली. मी तिला म्हणत होतो, हात मागेपुढे हलव, ताल धर. फेरी संपल्यावर ती बाकावर बसली, मी पुढे गेलो.

तिसऱ्या फेरीला समोरून गेलो तेव्हा तिनं हात हलवला नाही. एका बाजूला कलून बसली होती. उजव्या पायातला बूट निघून पडला होता. मला वाटलं, रुसली आहे. बूट काढून टाकून मला दाखवते आहे. मी तोंड वळवलं आणि पुढे गेलो. चौथी फेरी पूर्ण केली. नऊ मिनिटं.

परत आलो तेव्हा तिचं तोंड उजवीकडे ओघळलं होतं. माझ्याकडे बघत होती. काहीतरी बोलत होती, पण त्यात एकही शब्द नव्हता. नुसता आवाज.

हॉस्पिटलात विचारलं, नक्की किती वाजता झालं? रक्ताची गाठ विरघळवायच्या औषधाला वेळेचं फार महत्त्व असतं म्हणे. मी घड्याळ पाहून ठेवलं होतं. सहा वाजून एकेचाळीस मिनिटं, असं सांगितलं. ती चौथ्या फेरीनंतरची वेळ. तिसरीची नाही. लांब वेणीची तरुण डॉक्टरीण आहे, ती म्हणाली, "इतकी नेमकी वेळ कुणी सांगत नाही, आजोबा. तुमच्यासारखे नातेवाईक हवेत."

मला वाटलं, नऊ मिनिटांनी काय बिघडतं? नंतर विचारलं तिला, आडून, दुसऱ्याच कुणाची गोष्ट असल्यासारखं. ती म्हणाली, "तेवढ्यानं औषधाची वेळ टळत नाही. पण मेंदूला प्रत्येक मिनिट मोलाचंच असतं." मी मान हलवली.

१८ एप्रिल

उजवा हात, उजवा पाय उचलवत नाही. वाचा गेली. सगळं समजतं तिला, असं डॉक्टरीण म्हणते, फक्त शब्द सापडत नाहीत. सापडतील न सापडतील. एकतीस वर्षं गावभराची माणसं जोडून दिली तिनं, तार इकडून काढून तिकडे खुपसून. आता पाणी हवं म्हणायचं तर जीभ अडते.

मुलगी रडत नाही. कामं करते, गोळ्या आणते. मला म्हणाली, "बाबा, तुम्ही होतात म्हणून आई वेळेत पोचली. दुसरं कुणी असतं तर?" शिंपीणबाई भेटायला आली होती, तिच्यासमोर म्हणाली. शिंपिणीनं माझ्याकडे पाहिलं. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं. मी तिला चार शब्द सुनावले असते.

माझे ठोके आज ६८.

२१ एप्रिल

पट्टीवरून निदान झालं. हृदय वेड्यासारखं, वाटेल त्या गतीनं चालतं आहे, आणि बरेच दिवस चालत असावं. त्यामुळे आत रक्त साचून गाठ झाली आणि ती डोक्यात गेली. डॉक्टरीण कागदावर चित्र काढून समजावत होती. मी पाहत होतो, पण मला दिसत होतं ८८, १३१, ७४, ११२.

वजनच स्थिर नव्हतं. मी हातानं लिहून ठेवलं आहे तसं. शेरा बरोबर होता आणि मी त्याच्यावर रद्द म्हणून शिक्का मारला. चौतीस वर्षांत एकदाही मी खऱ्या काट्याला खोटा ठरवलं नव्हतं. तिला ठरवलं.

लेकीनं विचारलं, "बाबा, तुम्ही मशीन आणलं होतं ना? आईचं मोजत होतात का?"

"ती बसायची कुठे?" मी म्हणालो. "तुझी आई ठाऊक आहे ना तुला."

लेक रडतारडता हसली. "हो. ऐकायचीच नाही कधी."

तिथे मी तिला थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. घरी येऊन वही कपाटात टाकली, मिठाच्या बरणीशेजारी, आणि कुलूप लावलं. मग पुन्हा काढली, कारण हे लिहायचं होतं. आता कुणासाठी लिहितो आहे कोण जाणे. जगायचं होतं मला, म्हणून ही वही धरली. जगणार मी. चाळिशीतलं हृदय आहे, अजून वीस वर्षं सहज जाईल. प्रत्येक दिवस तिच्यासमोर बसून काढायचा आहे.

२४ एप्रिल

आज सकाळी आम्ही तिघंही तिच्या पलंगापाशी होतो. मी, लेक आणि डॉक्टरीण. तिला उशीला टेकवून बसवलं होतं. केस लेकीनं विंचरले होते. डावा हात पांघरुणावर होता, तेवढाच तिचा उरला आहे.

डॉक्टरीण कागद भरत होती. म्हणाली, "आजोबा, एक विचारायचं राहिलं. याआधी कधी आजींना धडधड, धाप, चक्कर? ठोके अनियमित असल्याचं कधी लक्षात आलं होतं का? आधी कळलं असतं तर रक्त पातळ ठेवायची एक गोळी असते, साधी, रोज एक. बहुतेक हे टळलं असतं."

ती सहज बोलली. तिच्या मनात काही नव्हतं.

लेक माझ्याकडे बघत होती. हीसुद्धा.

मी म्हणालो, "नाही. कधीच नाही. काही असतं तर मला कळलं असतं."

डॉक्टरिणीनं लिहून घेतलं.

तेवढ्यात पांघरुणावर आवाज झाला. ती डाव्या हाताचं बोट आपटत होती. दोनदा. मग थांबली. मग तीनदा, घाईघाईनं, एकावर एक, त्या दुपारी तिच्या मनगटावर मला लागले होते तसे. मग लांबच लांब काही नाही. मग एकदा. मग पुन्हा तीनदा. माझ्याकडे बघून. नजर अजिबात हलत नव्हती तिची.

लेक म्हणाली, "आई काहीतरी सांगतेय का?"

डॉक्टरिणीनं वाकून पाहिलं. "नाही, हात चाळवतोय. आपोआप होतं तसं. चांगली खूण आहे ही."

"हो," मी म्हणालो. "चांगली खूण आहे."

मी पुढे होऊन तिचा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. माझ्या तळहाताच्या आत तिचं बोट अजून आपटत होतं. मी मूठ घट्ट केली. लेकीला इतका वेळ आवरलेलं रडू फुटलं. "बघितलंत, डॉक्टर? आयुष्यात बाबांनी असा कधी आईचा हात धरला नव्हता."

ती हात सोडवून घ्यायला बघत होती. मी सोडला नाही.